शॅम्पेन : एका प्रदेशाचे नाव

फ्रान्समधील एखाद्या जुन्या द्राक्षप्रदेशाची ओळख करून घ्यावयाची, तर प्रथम एक गैरसमज बाजूला सारावा लागतो. शॅम्पेन हे फेसाळणाऱ्या मद्याच्या एका प्रकाराचे नाव आहे, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. क्रिकेटचा सामना जिंकला की खेळाडू परस्परांवर जे उडवतात ते शॅम्पेन, एवढीच पुष्कळांची माहिती असते. वस्तुतः शॅम्पेन हे एका मुलखाचे नाव आहे. त्या मुलखात वाढलेल्या, तेथील नियमांप्रमाणे खुडलेल्या, पिळलेल्या आणि बाटलीत मुरवलेल्या द्राक्षांच्या मद्यालाच ते नाव देता येते. पैठणी म्हणजे कोणतेही जरीकाठी लुगडे नव्हे, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. शॅम्पेनचेही तसेच आहे.

हा भेद वरवर पाहता शब्दांचा वाटेल. परंतु त्यापायी एका प्रदेशातील शेतकऱ्यांनी तळघरे फोडली आहेत, सरकारला सैन्य पाठवावे लागले आहे, आणि आजही जगभरच्या न्यायालयांत त्यावरून वाद चालतात. एखाद्या प्रदेशाचे नाव कशाने मोठे होते आणि कशाने टिकते, हे समजून घेणे हा या पाठाचा उद्देश आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा त्याचा हेतू नाही. ज्याने कधी थेंबही चाखलेला नाही, अशा वाचकालाही हा विषय आपल्या जवळचा वाटेल. कारण द्राक्ष हे महाराष्ट्राचेही पीक आहे.

मद्य आणि मुलूख

द्राक्षमद्य त्याच्या गावाच्या नावाने ओळखण्याची रीत फ्रान्सने शोधून काढलेली नाही. ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक लेखकाने अरबी समुद्रातील व्यापाराची माहिती देणारे ‘पेरिप्लस’ हे पुस्तक लिहिले. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी देताना त्याने मद्याचा उल्लेख केला आहे आणि त्याची प्रतवारी मुलखावरून लावली आहे : पहिली पसंती इटलीच्या मद्याला, त्याखेरीज लाओदिकेआचे आणि अरबस्तानचे. त्याच पुस्तकात पैठण आणि तेर या दख्खनच्या बाजारपेठांचीही नावे येतात. तेथील माल गाड्यांतून भडोचला जात असे.

पूर्व किनाऱ्यावरही असाच पुरावा आढळतो. चेन्नईत अड्यार नदी जेथे समुद्राला मिळते, तेथून किनाऱ्याने दक्षिणेस सुमारे दीडशे किलोमीटर गेले की पुद्दुचेरीजवळ अरिकमेडू हे प्राचीन बंदराचे ठिकाण लागते. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे उत्खनन केले. भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोन कानांच्या, बुडाशी निमुळत्या कुंभांचे तुकडे त्यांना मिळाले. असे कुंभ मद्य आणि तेल वाहून नेण्यासाठी वापरीत. कुंभाचा घाट आणि त्याची माती पाहून तो कोणत्या प्रदेशातून आला, हे अभ्यासकांना आजही ओळखता येते. माल दूर जातो तेव्हा गिऱ्हाइकाला तो पिकवणारा दिसत नाही. त्याच्याजवळ येते ते केवळ नाव. म्हणून व्यापार जितका लांबचा, तितकी नावाची किंमत अधिक, आणि त्या नावाची नक्कल करण्याचा मोहही तितकाच मोठा.

प्रदेशाची रचना

शॅम्पेन प्रदेश पॅरिसच्या पूर्वेस सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. रॅन्स आणि एपर्ने ही त्यातील दोन मुख्य शहरे. द्राक्षांखालील क्षेत्र सुमारे ३४,००० हेक्टर असून ते तीनशेहून अधिक गावांत विखुरलेले आहे. नवशिक्याने त्याचे चार-पाच भाग ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. रॅन्सच्या दक्षिणेस वनाच्छादित टेकडीच्या उतारांवर ‘रॅन्सचा डोंगर’ हा भाग पसरला आहे. मार्न नदीच्या दोन्ही काठांवर ‘मार्नचे खोरे’ आहे. एपर्नेच्या दक्षिणेस पूर्वेकडे तोंड करून असलेल्या उतारांना ‘पांढऱ्यांची उतरण’ म्हणतात, कारण तेथे प्रामुख्याने पांढरी द्राक्षे होतात. त्याच्याही दक्षिणेस सेझानचा लहान भाग आहे. या सर्वांपासून बराच दूर, आग्नेयेस, ओब जिल्ह्यातील बागा आहेत. ओबचे हे नाव वाचकाने लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या प्रदेशाच्या पोटात खडू आहे. हा पांढरा, मऊ, सच्छिद्र दगड. पाऊस पडला की तो पाणी शोषून घेतो. एका घनमीटर खडूत तीनशे-चारशे लिटर पाणी मावते असे सांगतात. उन्हाळ्यात तेच पाणी तो मुळांना हळूहळू देतो. त्यामुळे मुळे पाण्यात कुजत नाहीत आणि तहानेने वाळतही नाहीत. नाशिकचा शेतकरी काळ्या कातळावरच्या जमिनीत ठिबकच्या नळ्यांनी जे साधतो, ते काम तेथे भूमीच करते. खडू खोदण्यास सोपा असल्यामुळे रॅन्सखाली रोमन काळापासून खोल खाणी आहेत. दगड काढून झाल्यावर उरलेल्या या पोकळ्या पुढे मद्याची तळघरे झाल्या. तेथे बारा महिने दहा ते बारा अंश तापमान असते. २०१५ साली युनेस्कोने येथील उतार, पेढ्या आणि तळघरे यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट थंडी. हा प्रदेश उत्तर अक्षांश ४९ च्या आसपास आहे, आणि त्याचे वर्षाचे सरासरी तापमान परंपरेने अकरा अंशांच्या आसपास राहिले आहे. द्राक्ष जेथे कसेबसे पिकू शकते, अशा उत्तरेकडील सीमेवर तो वसलेला आहे. वसंत ऋतूत कोवळ्या डोळ्यांवर दहिवर पडून पीक जळते. उन्हाळा कमी पडला तर घडात साखर भरत नाही आणि आंबटपणा उरतो. साध्या मद्याच्या दृष्टीने हा दोष होय. परंतु फेसाळ मद्याला नेमका हाच आंबटपणा हवा असतो. त्यामुळेच त्याला ताजेपणा येतो आणि वर्षानुवर्षे मुरण्याची ताकद मिळते. आता मात्र हवामान पालटत आहे. तेथील सरासरी तापमान गेल्या काही दशकांत एक अंशाहून अधिक चढले असून द्राक्षांची काढणी पूर्वीपेक्षा पंधरवड्याहून अधिक लवकर होऊ लागली आहे.

वेलीची झोप

थंडीचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी आपल्याकडील हवामानाशी तुलना करून पाहावी. द्राक्षवेल ही मुळात समशीतोष्ण प्रदेशातील. हिवाळ्यात तिची पाने गळतात, ती झोपी जाते, आणि वसंत ऋतूत तिचे डोळे फुटतात. शॅम्पेनमध्ये ही झोप निसर्गच लावतो. अड्यारसारख्या किनाऱ्यावरील ठिकाणी मात्र जानेवारीच्या रात्रीही पारा सहसा वीस अंशांच्या खाली उतरत नाही. तेथे वेलीला झोप ठाऊकच नसते. तमिळनाडूतच, परंतु पश्चिमेच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या कंबम खोऱ्यात, शेतकरी छाटणीच्या बळावर वर्षातून एकाहून अधिक वेळा पीक घेतात. तेथील पन्नीर द्राक्षाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

नाशिक या दोहोंच्या मध्ये आहे. अक्षांश वीस, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे सहाशे मीटर, आणि हिवाळ्यात रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरणारे. येथील बागाईतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो, परंतु पीक एकदाच घेतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी करून तो नवी काडी तयार करतो. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळछाटणी करतो. फ्रान्समध्ये ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात घड खुडतात, तर नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे तेथे वेल वसंतात जागी होऊन उन्हाळ्यात फळते. आपल्याकडे ती पावसाअखेर जागी होऊन हिवाळ्यात फळते. दोन प्रदेशांतील द्राक्षांच्या रसात फरक का पडतो, याचे एक मोठे कारण येथेच मिळते.

तीन वाण

शॅम्पेनमध्ये मुख्यतः तीन वाण लावतात. पिनो न्वार आणि मनिए हे काळे, तर शार्दोने हा पांढरा. तिन्हींचे क्षेत्र ढोबळ मानाने एकेक तृतीयांश आहे. पिनो न्वारचे थोडे अधिक. मनिए या शब्दाचा अर्थ पिठाच्या गिरणीवाला. या वाणाच्या पानाखाली पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते, म्हणून हे नाव पडले. पिनो न्वार मद्याला अंग देतो, मनिए फळाची गोडी देतो, शार्दोने नाजूकपणा आणि टिकाऊपणा देतो, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते.

काळ्या द्राक्षांपासून पांढरे मद्य कसे होते, असा प्रश्न वाचकाला पडेल. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो. आतील रस पांढराच असतो. घड हाताने, न चिरडता खुडले आणि हलक्या दाबाने लगेच पिळले, तर सालीचा रंग रसात उतरत नाही. म्हणून यंत्राने तोडणी करण्यास तेथे मनाई आहे. पिळण्यालाही मर्यादा आहे : ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरपेक्षा अधिक रस घेता येत नाही. त्यातील पहिले २,०५० लिटर उत्तम समजले जातात, उरलेले ५०० लिटर दुय्यम. यापुढे पिळले तर रस निघतो, परंतु त्याला शॅम्पेनचे नाव मिळत नाही. हिशेब केल्यास एका बाटलीला सुमारे १.२ किलो द्राक्षे लागतात.

बाटलीतील दुसरे किण्वन

रसातील साखर यीस्टच्या सूक्ष्म पेशी खातात. त्यातून मद्यार्क आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार होतो. या क्रियेला किण्वन म्हणतात. साध्या वाइनमध्ये हा वायू हवेत निघून जातो. शॅम्पेनमध्ये पहिले किण्वन संपल्यावर निरनिराळ्या गावांच्या, वाणांच्या आणि पुष्कळदा निरनिराळ्या वर्षांच्या वाइनचे मिश्रण करतात. थंड प्रदेशात प्रत्येक वर्ष चांगले जात नाही. म्हणून चांगल्या वर्षांचा साठा राखून ठेवतात आणि वाईट वर्षाची उणीव त्याने भरून काढतात. पेढीची खरी परीक्षा या मिश्रणात असते. त्यानंतर दर लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि थोडे यीस्ट घालून बाटली बंद करतात. किण्वन पुन्हा सुरू होते. परंतु आता वायूला वाट नसते, म्हणून तो द्रवातच विरघळतो. लिटरमागे चार ग्रॅम साखरेने सुमारे एक वातावरण दाब निर्माण होतो. २४ ग्रॅमनी सहा. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट हा दाब आहे. पूर्वी काच कच्ची असे आणि साखरेचे प्रमाणही अंदाजाने घालीत. त्यामुळे तळघरात बाटल्या फुटत आणि कामगारांना इजा होई.

काम संपवून मेलेले यीस्ट गाळाच्या रूपाने बाटलीतच राहते. या गाळाच्या सहवासात मद्याला भाजलेल्या पावासारखा वास येतो. म्हणून नियम असा की, साधी शॅम्पेन बाटलीत किमान १५ महिने आणि एका विशिष्ट वर्षाचे नाव धारण करणारी किमान तीन वर्षे मुरली पाहिजे. नंतर बाटली हळूहळू फिरवीत उलटी करतात. गाळ बुचापाशी जमतो. मग तोंडाचा भाग गोठवून बूच काढले की दाबाने गाळ बाहेर फेकला जातो. जी तूट पडते ती भरताना चवीपुरते साखरेचे द्रावण घालतात आणि कायमचे बूच बसवतात. बाटलीवर ‘ब्रूत’ असे लिहिलेले असेल तर लिटरमागे साखर १२ ग्रॅमहून कमी आहे, असे समजावे.

ही पद्धत एका माणसाने शोधलेली नाही. ओव्हिलेरच्या मठातील भांडारी दोम पेरिन्यों (मृत्यू १७१५) यांना तिचे जनक मानण्याची प्रथा आहे; परंतु ते बुडबुडे आणण्यापेक्षा टाळण्याच्याच खटपटीत होते. द्राक्षांची निवड आणि मिश्रण यांतील त्यांची कामगिरी मात्र खरी आहे. वाइनमध्ये साखर घालून ती फेसाळ करण्याची माहिती क्रिस्टोफर मेरेट या इंग्रजाने १६६२ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. बाटली उलटी करून गाळ काढण्याची युक्ती रॅन्सच्या क्लिको पेढीत १८१६ च्या सुमारास सिद्ध झाली. पती १८०५ मध्ये निवर्तल्यावर सत्ताविसाव्या वर्षी पेढीचा कारभार हाती घेणाऱ्या मादाम क्लिको यांच्या देखरेखीखाली हे घडले.

१९११ चा उठाव

येथवर जमीन, हवा, वाण आणि कृती यांचा विचार झाला. पुष्कळ पुस्तके येथेच थांबतात. परंतु एवढ्याने प्रदेशाचे नाव टिकत नाही, हे शॅम्पेनच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

शॅम्पेनमध्ये पूर्वीपासून दोन वर्ग आहेत. द्राक्षे पिकवतात ते शेतकरी. मद्य करून जगभर विकतात त्या पेढ्या. आजही सुमारे नव्वद टक्के बागा शेतकऱ्यांच्या आहेत, तर विक्रीचा मोठा भाग पेढ्यांच्या हाती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्झेरा हा मुळे पोखरणारा कीटक येथे पोहोचला. त्यातच एकामागून एक वर्षे वाईट गेली. १९१० चे पीक जवळजवळ सर्वस्वी बुडाले. अशा वेळी काही पेढ्या दक्षिण फ्रान्समधून स्वस्त द्राक्षे आणि वाइन रेल्वेने आणून तिलाच शॅम्पेन म्हणून विकीत होत्या. म्हणजे शेतकऱ्याचे पीक बुडाले तरी त्याच्या गावाचे नाव मात्र विकले जात होते, आणि त्या विक्रीतील एक पैसाही त्याच्या पदरात पडत नव्हता.

जानेवारी १९११ मध्ये मार्नच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी बाहेरून आलेली वाइन अडवून रस्त्यावर आणि नदीत ओतली. भाव पडला म्हणून आपलाच माल रस्त्यावर ओतणारा शेतकरी आपल्या परिचयाचा आहे. येथे ओतला गेला तो त्याच्या नावावर विकला जाणारा परका माल. दुसरीकडे, १९०८ च्या हुकमाने शॅम्पेनची सीमा आखताना ओब जिल्हा वगळला होता. तेथील शेतकरीही त्र्वा शहरात हजारोंनी जमले. सरकार ओबकडे झुकते आहे असे दिसताच एप्रिलमध्ये मार्नचा भडका उडाला. एपर्नेजवळ ‘आई’ नावाचे गाव आहे. त्याचा उच्चार आपल्या आई या शब्दासारखाच आहे. तेथील पेढ्या फोडण्यात आल्या आणि इमारतींना आगी लावण्यात आल्या. सरकारने सैन्य धाडले.

या वादाचा निकाल लागण्यास आणखी सोळा वर्षे आणि एक महायुद्ध जावे लागले. त्या युद्धात रॅन्सवर तोफगोळे पडत असताना तेथील नागरिक खडूच्या तळघरांत राहत होते. अखेर १९२७ च्या कायद्याने सीमा निश्चित झाली आणि ओबलाही तीत स्थान मिळाले. १९३६ साली शॅम्पेनला नियंत्रित प्रदेशनामाचा दर्जा मिळाला. १९४१ साली, जर्मन अंमलाखाली, शेतकरी आणि पेढ्या यांची संयुक्त समिती स्थापन झाली. शेतकऱ्यांच्या बाजूने मोरिस दुआयार आणि पेढ्यांच्या बाजूने रोबेर-झां द व्होग्युए हे तिचे आधारस्तंभ होते. तीस वर्षांपूर्वी ज्यांच्यात जाळपोळ झाली होती, तेच दोन पक्ष आता एका मेजाभोवती बसले.

बंधन हेच भांडवल

ही समिती आजही काम करते. एका हेक्टरातून किती किलो द्राक्षे शॅम्पेनसाठी घ्यावयाची, हा आकडा दर वर्षी दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरतो. २०२० साली रोगसाथीमुळे खप घटला तेव्हा पेढ्यांना कमी माल हवा होता, शेतकऱ्यांना अधिक द्यावयाचा होता. घासाघीस होऊन आकडा ८,००० किलोंवर आला. २०२३ साली तो ११,४०० होता. चांगल्या वर्षातील काही वाइन राखीव ठेवण्याची मुभा असते. दहिवराने किंवा गारपिटीने पीक गेले तर शेतकरी त्या साठ्यातून आपला वाटा भरून काढू शकतो. या व्यवस्थेमुळे अलीकडच्या वर्षांत तेथील शेतकऱ्याला द्राक्षाचा भाव किलोमागे सहा युरोंहून अधिक मिळत आला आहे.

गावांची प्रतवारीही भावाशीच निगडित होती. विसाव्या शतकात बराच काळ प्रत्येक गावाला शेकड्यात एक अंक दिलेला असे. शंभर टक्के गावाच्या शेतकऱ्याला ठरलेला पूर्ण भाव, ऐंशी टक्के गावाच्या शेतकऱ्याला त्याच्या चार पंचमांश. पूर्ण शंभर अंक मिळालेली गावे सतरा आहेत. बाटलीवर आढळणारा ‘ग्रां क्रू’ हा शब्द या गावांसाठी आहे.

या बंधनांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये शॅम्पेन नावाचेच एक जुने खेडे आहे. युरोपीय संघाशी झालेल्या करारामुळे २००४ पासून तेथील शेतकऱ्यांना आपल्या साध्या वाइनवर आपल्याच गावाचे नाव घालता येईनासे झाले. नावाची राखण करताना कोणावर तरी अन्याय होतो, हे येथे नाकारता येत नाही.

नारायणगाव आणि दिंडोरी

१९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी फेसाळ वाइन करण्याचा कारखाना उभारला. त्याला रॅन्सच्या पायपर-हाइडसिएक या जुन्या पेढीचे तांत्रिक साहाय्य होते. बाटलीतील दुसरे किण्वन, गाळ काढणे, मुरवणे ही सारी कृती शॅम्पेनचीच होती. तयार झालेली वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी गेली आणि भारतात फेसाळ वाइन होऊ शकते, हे जगाला प्रथमच कळले. पुढे २०१३ साली शॅम्पेनमधील एका विख्यात पेढीच्या उद्योगसमूहाने नाशिकजवळ दिंडोरी येथील द्राक्षांपासून ‘शांदों’ ही फेसाळ वाइन बाजारात आणली. मालक शॅम्पेनचे, कसब शॅम्पेनचे, पद्धतही तीच. परंतु बाटलीवर शॅम्पेन हा शब्द घालता आला नाही. या एका उदाहरणावरून प्रदेशनामाचे सारे तत्त्व स्पष्ट व्हावे. कृती शिकता येते, यंत्रे आणता येतात, वाणाची रोपेही आणता येतात; प्रदेश उचलून आणता येत नाही.

मग नाशिकने आपले नाव मोठे करावे, हा मार्ग उरतो. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक, दिंडोरी, निफाड या परिसरात वाइनचे कारखाने निघाले आणि शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षांऐवजी वाइनचे वाण लावले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु २००८ च्या आर्थिक मंदीनंतर खप मंदावला, कारखान्यांनी माल उचलणे कमी केले, आणि अनेक शेतकऱ्यांना वाइनच्या द्राक्षांच्या बागा तोडाव्या लागल्या. नारायणगावचा तो उद्योगही कर्जात बुडून बंद पडला. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे आणि जाड सालीचे असते. कारखान्याने नाकारले तर ते बाजारात खाण्यासाठी विकता येत नाही. सारी जोखीम अशा वेळी बागेवर येऊन पडते.

शॅम्पेनचा खरा धडा येथे उपयोगी पडतो. तेथील शेतकऱ्यालाही १९११ साली हेच सोसावे लागले होते. त्याची जमीन तेव्हाही खडूची होती, वाण तेच होते, कृतीही सिद्ध झालेली होती. नव्हती ती एकच गोष्ट : नावापासून होणाऱ्या लाभात आणि तोट्यात पिकवणारा आणि विकणारा या दोघांचा वाटा ठरवून देणारी व्यवस्था. मानांकनाच्या कागदाने नावाची नोंद होते. व्यवस्था त्यानंतर उभारावी लागते.

बाटलीवरील दोन अक्षरे

शेवटी एक व्यावहारिक सूचना. शॅम्पेनच्या बाटलीवरील कागद वाचताना पेढीचे मोठे नाव आणि वर्ष पाहून थांबू नये. खाली एका कोपऱ्यात बारीक टाइपात एक क्रमांक असतो आणि त्याआधी दोन रोमन अक्षरे. ‘एन. एम.’ असल्यास ती वाइन द्राक्षे विकत घेणाऱ्या पेढीने केली आहे. ‘आर. एम.’ असल्यास शेतकऱ्याने स्वतःच्या द्राक्षांपासून ती केली आहे. ‘सी. एम.’ असल्यास शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने. यांपैकी कोणतेही एक दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ, असे नाही. परंतु द्राक्ष कोणी पिकवले आणि मद्य कोणी केले, हे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे आणि त्याचे उत्तर बाटलीवर छापलेच पाहिजे, असे तेथील नियम मानतात. नाशिकच्या बाटलीवरही ज्या दिवशी असे उत्तर वाचावयास मिळेल, त्या दिवशी त्या प्रदेशाच्या नावाला खरा अर्थ येऊ लागेल.